काळोखातलं गलबत

"शालन, तुझा गलबत थंय नव्हता."

"थंयच होता, आये."

"माका शिकव नको. उभा आयुष्य मासळीचो लिलाव केलंय मी. पापलेटांच्या ढिगात कोणी एक बांगडो सरकवल्यान तरी माका दिसता. तुझा गलबत देवमाशाच्या शेपटेक होता. डोक्याकडे कसा गेला?"

"देवमासो फिरलो, आये."

"देवमासो फिरलो! वैजू, तू बघलंस तो फिरताना?"

मी वयनीकडे बघितलं. ती मान खाली घालून हसू दाबत होती. देवमासा फिरला नव्हता. आये पाणी प्यायला उठली तेव्हा वयनीने करंगळीने आपलं गलबत सरकवलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"फिरलो," मी म्हटलं.

"दोघी मिळान माका लुटतास," आये म्हणाली, आणि तिने ओंजळीत कवड्या खुळखुळवल्या.

लुटत नव्हतो. आयेच्या लक्षात एवढंच आलं नव्हतं, की देवमाशाच्या डोक्याकडे गेलेलं गलबत मागे ओढलं जातं. जिंकण्यासाठी फसवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. हरण्यासाठी फसवणारी शालनवयनी ही पहिली आणि शेवटची.

त्या दिवशी आयेला जिंकवायचं असं आम्ही दोघींनी सकाळीच विहिरीवर ठरवलं होतं.

खेळाचं नाव सातबेटी. बाजारात मिळणारा नव्हे. मी आणि माझा भाऊ जयवंत यांनी तो लहानपणी आमच्या पडवीत बनवला. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद, माणसं घरात एकमेकांच्या अंगावर गुरगुरत बसतात. तशाच एका बंदीत जयवंताने फाटक्या शिडाचा तुकडा पडवीत पसरला आणि होडीला लावून उरलेल्या रंगांनी त्यावर समुद्र काढला. सात बेटं. एक बेट म्हणजे झोपलेला देवमासा, प्रत्येक फेरीला तो एक घर सरकतो. एका बेटावर केसाळीण राहते, तिचे केस पाण्यात सोडलेले, वल्ही गुंततात. एका बेटावर माणसाची सावली काढून घेतात आणि माल उतरवल्याशिवाय परत देत नाहीत. एका खिंडीत देवचार, वाट राखणारं भूत, उभा, तो विडी दिल्याशिवाय सोडत नाही, आणि विडी म्हणजे एक दान फुकट घालवायचं. पांगाऱ्याच्या लाकडाची गलबतं जयवंतानेच कोयत्याने तासली. फाशांऐवजी कवड्या.

प्रत्येकाची गलबतं चार, बंदरात घरं तीन. माल भरून जो आधी तिन्ही घरं भरेल तो जिंकला. गलबत घरात शिरलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "लागला!" आमच्याकडे होडी किनाऱ्याला येते त्याला लागणं म्हणतात.

आणि समुद्राच्या मधोमध जयवंताने डांबराचा एक मोठा डाग ओतला होता. तो काळोख. वारा फिरला की गलबत त्यात ओढलं जायचं. ते बाहेर यायला सगळ्या कवड्या एकदम उताण्या पडाव्या लागत. पहिल्यांदा माझं गलबत काळोखात गेलं तेव्हा मी एवढी रडले, की जयवंताने तिथल्या तिथे नियम केला.

"गप. तुझा गलबत बुडूक नाय. तू त्याच्या घरात एक कवडी ठेव आणि म्हण, राखण. म्हणजे ता घर त्याचा. दुसरा कोण थंय शिरूचा नाय."

"किती दिवस?"

"तुका व्हया तितके. कंटाळलंस की कवडी उचल आणि म्हण, सोडला. पण जेना ठेवल्यान, तेनाच उचलूची. दुसऱ्या कोणी हात लावूचो नाय."

पोरीचे डोळे पुसायला केलेला नियम तो. त्याने पुढे काय केलं ते ऐका.

जयवंत गेला तेव्हा त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होता. जाळं ओढताना गेला, बोटीचा तांडेल म्हणाला, मागे वळून बघितलं तर नव्हता. शोधलं, सगळ्यांनी शोधलं. खाडीच्या तोंडापासून खाली कातळापर्यंत माणसं फिरली. तो सगळा आठवडा आमच्या वाडीत एकमेकांना भेटल्यावर दुसरा शब्द नव्हता. "काय लागला?" "नाय. काय लागूक नाय."

शरीर मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. भटजी येऊन बसले, गावचे चार जाणते येऊन बसले. आये दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गवत जाळून माझो झील मरूचो नाय. उठा."

उठले बिचारे. आयेच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती.

आयेने त्यानंतर एक केलं. जयवंत ज्या दिवशी बोटीवर गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी डाव अर्धा राहिला होता आणि त्याचं गलबत, काळ्या रंगाचं, काळोखात होतं. आयेने ते तसंच ठेवलं. त्याच्या बाजूने ती खेळायला लागली. काळ्या गलबताच्या घरात तिने स्वतःच्या हाताने कवडी ठेवली आणि म्हणाली, राखण. दर डाव नव्याने मांडताना ते गलबत आधीच काळोखात असायचं, कवडी आधीच घरात. ते बाहेर काढायला ती कधी दान टाकायची नाही.

"टाक ना गो आये," मी एकदा म्हटलं होतं. "उताणी पडतीत कवडे."

"तेचा दान तोच टाकतलो," ती म्हणाली.

म्हणजे बाकीच्यांना घरं तीन आणि तिला दोन. चार वर्षं ती रोज खेळली आणि चार वर्षं रोज हरली.

आणि वयनी? वयनी ना विधवा ना सवाष्ण. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही याच्यावर बायका तिच्या तोंडावर कुजबुजायच्या. तिचा सख्खा भाऊ आला, चहा प्यायला आणि सांगून गेला, "पुतळा जाळल्याशिवाय मी दुसऱ्या लग्नाला उभा राहणार नाही. गाव काय म्हणेल?" याच गावात बायको गेल्यावर वर्ष पुरं व्हायच्या आत दुसरी आणलेले बाप्ये मी बोटावर मोजून दाखवते. त्यांना गावाने काय म्हटलं? जेवण चांगलं होतं म्हटलं.

दिगंबर चौथ्या वर्षी आला. बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायचा. उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचा. आयेच्या मासळीला बर्फ द्यायला यायचा तेव्हा एकदा पडवीत उभा राहून तो बराच वेळ खेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्येच्यात बर्फ खंय आसा?"

"कशाक बर्फ?" आये म्हणाली.

"सात बेटां फिरान येतलास तवसर मासळी कुसतली मा."

आये एवढी हसली की तिला ठसका लागला. जयवंत गेल्यावर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. "झील बरो आसा," ती म्हणाली. हे मुद्दाम सांगते. आये वाईट बाई नव्हती. वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती.

दिगंबरने वयनीला विचारलं ते माझ्यामार्फत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की तो कारवारला नव्या कारखान्यात चालला होता. वयनी आली तर तिला घेऊन, नाहीतर एकटा. वयनी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर तिने भरलेली कळशी खाली ठेवली.

"वैजू, माका जावचा आसा."

"मग जा."

"आयेन सोडल्याशिवाय नाय. पळान गेलंय तर ती जीव देतली. तिच्या तोंडातसून एकदा तो शब्द येवक व्हयो."

"खंयचो?"

"सोडला. एकदा खेळात जरी म्हणाली ना, तरी जीभ वळतली तिची. मग पुतळ्याचा मी सांगतंय तिका. पायां पडान सांगतंय."

शहाण्यांना हसू येईल. खेळातल्या एका शब्दावर एका बाईचा जन्म टांगलेला. हसा. पण आमच्या आयेला मी ओळखत होते. तिने तोंडाने उच्चारलं ते झालं. लिलावात तिच्या तोंडून एकदा किंमत गेली की समोरून दुप्पट आली तरी ती फिरवायची नाही.

तर त्या दुपारी आम्ही तिला जिंकवत होतो.

वयनी मुद्दाम मागे राहिली. मी केसाळिणीच्या बेटाला वळसा घालायच्या ऐवजी सरळ घुसले आणि वल्ही गुंतवून घेतली. आये खुशीत येत चालली. तिचं पहिलं गलबत घरात शिरलं. "लागला!" आम्ही तिघी ओरडलो. दुसरं शिरलं. "लागला!" बाहेर समुद्राचा आवाज एवढा, की ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही. कुडापलीकडे शेजारची भागीकाकी वाकून शेण गोळा करत होती. तिने मान वर करून विचारलं, "काय गो, काय चल्लाहा?"

"राज्य जिंकतंय," आये ओरडली.

मग आयेचं तिसरं गलबत आलं. देवमाशाच्या बेटावरून अंबर भरलेलं, देवमाशाच्या पोटातून निघणारा, खेळातला सगळ्यात महाग माल. खिंडीत देवचाराने अडवलं, तिने विडी दिली, सुटलं. बंदराच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. समोर तिसरं घर. घरात कवडी.

रोज हे असंच व्हायचं. रोज आयेचं तिसरं गलबत असं दारात येऊन उभं राहायचं आणि आये ते तिथेच सोडून दुसरंच काहीतरी खेळत बसायची, आमच्यातलं कोणीतरी जिंकेपर्यंत. त्या दिवशी मी माझी दोन गलबतं आत घातली होती आणि तिसरं एका दानावर आणून ठेवलं होतं. तेवढा दाब हवा, असं वयनी म्हणाली होती. हरताना दिसली तर उचलेल.

आयेने सगळं शीड नजरेखालून घातलं. लिलावात ढीग बघायची तशी, एकदाच, डावीकडून उजवीकडे.

"वैजू, पुढच्या दानाक तू जिंकतंस."

"होय, आये."

"आणि माझा दारात उभा."

तिने ते गलबत बोटाने जरा सरळ केलं.

"अंबर भरान उभा," ती म्हणाली. "असो माल दारात ठेवन कोण बसता? मी बाजारात असतंय तर माका लोकांनी येड्यात काढली असती."

वयनीचे हात मांडीवर होते. एका हाताने तिने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

आयेने कवडीवर बोट ठेवलं. मग काढलं. पदराने तोंड पुसलं. मग एकदम, मासळीतला काटा काढावा तशी, तिने कवडी उचलली. चार वर्षांत पहिल्यांदा. शिडावर त्या जागी रंग ताजा दिसत होता, बाकीचा सगळा उडालेला.

ती कवडीकडे बघत होती. ओठ हलले. पहिलं अक्षर मी तिच्या ओठांवर बघितलं, शपथेवर सांगते, आवाज यायचा तेवढा बाकी होता.

"लागला!"

वयनी ओरडली. चार वर्षं कोंडलेला श्वास होता तो, तिला धरवला नाही. गलबत अजून दारातच होतं, आयेने अजून शब्द उच्चारला नव्हता, आणि ही पोर दोन्ही हात वर करून, डोळ्यांत पाणी, जीव खाऊन ओरडली, "लागला! आये, लागला!"

कुडापलीकडे भागीकाकीच्या हातातली पाटी पडली.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगते. बंदराला होडी येते ती लागते. आणि दर्याने नेलेलं माणूस परत फेकलं, तर तेही लागतं. शब्द एकच. भागीकाकीने काय ऐकलं? चार वर्षं ज्याच्या शरीराची वाट बघितली त्याची बायको रडत ओरडते आहे, लागला.

"गो बायांनो!" भागीकाकीने बोंब ठोकली. "धावा गो! जयवंत लागलो! जयवंत लागलो गो!"

"काकी, नाय!" मी ओरडले. "काकी, खेळात!"

कोण ऐकतंय. ती वेळूच्या बेटापर्यंत पोचली होती. पुढच्या घरातून दुसरीने बोंब उचलली, तिच्या पुढच्या घरातून तिसरीने. दोन मिनिटांत सगळी वाडी किनाऱ्याच्या दिशेने सुटली.

आणि आये उठली. वयनी तिच्या पायांना मिठी मारत होती, "आये, मी ओरडलंय, खेळात ओरडलंय, काय लागूक नाय," पण आयेच्या कानात गावाची बोंब गेली होती. खेळातला आवाज आणि गावाचा आवाज यात तिने गावाचा खरा धरला. तिने वयनीला ढकललं आणि धावली. अनवाणी. साठीची बाई. आम्ही तरण्या दोघी तिला गाठू शकलो नाही.

किनाऱ्यावर काही नव्हतं. श्रावणातला समुद्र, गढूळ, नारळाच्या झावळ्या, एक सुरूचा ओंडका. माणसं त्या ओंडक्याभोवती जमली होती, जणू जरा वेळ बघितलं तर त्याचा जयवंत होईल.

"खंय?" आये एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत होती. "खंय आसा? माका बघूक देवा. कसोय आसांदे, माका बघूक देवा."

कोणाला काही ठाऊक नव्हतं. मग नेहमीचं सुरू झालं. कोण म्हणालं? ती म्हणाली. तिला कोणी सांगितलं? भागीने. भागीकाकीला पुढे ढकललं. तिला धाप लागली होती. तिने हात वर करून बोट दाखवलं.

"शालन ओरडली. मी माझ्या कानांनी आयकलंय. लागला लागला करून ओरडली."

सगळी तोंडं वळली. वयनी वाळूत उभी होती, पदर खांद्यावरून उतरलेला. कारखान्याकडून दिगंबर धावत आला होता. त्याला काय माहीत, काय चाललं आहे ते. तो सरळ तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय झाला?" एवढंच. पण सगळ्या वाडीच्या देखत.

"हां," गर्दीतला एक जण म्हणाला. त्याचं नाव घेत नाही, मेला आहे. "म्हणजे हिका घाई झाली हा. घोवाचा मडा लागूक व्हया म्हणान आतापासूनच बोंब मारता."

"खुशीत ओरडली," दुसरी म्हणाली. "खुशीत होती काय गो, भागी?"

भागीकाकी गप्प राहिली. ती वाईट नव्हती. पण गप्प राहिली, आणि ते पुरेसं होतं.

वयनीने तोंड उघडलं. मला वाटलं आता ही सगळं सांगणार. डाव, विहीर, कारवार, सगळं. तेव्हा सांगितलं असतं तर वाडीने तिला दगड मारले असते, पण ती त्याच पायांनी दिगंबरबरोबर गेली असती.

"ती नाय ओरडली," आये म्हणाली.

ती गर्दीतून पुढे आली.

"मी ओरडलंय. माका दिसलो तो. दुपारची जरा आडवी झाललंय, सपानात दिसलो. मीच ओरडलंय लागला म्हणान. माझ्या सुनेचा नाव कोणी घेतल्यान तर जीभ हासडीन. काय बघतास? जावा घराक."

आये आयुष्यात खोटं बोलल्याचं मला ठाऊक नाही. बाजारात कधी नाही, देवळात कधी नाही. ते एक बोलली. मग वयनीजवळ गेली, तिचा पदर खांद्यावर नीट घातला, आणि तिचा हात धरून घराकडे चालायला लागली. वाडीने वाट दिली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, म्हातारी खुळावली. दिगंबर ओंडक्याजवळ उभाच राहिला.

आयेने वयनीला त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं. केस धरून घराबाहेर काढलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर माझी वयनी आज कारवारला असती, तिची पोरं कॉलेजात असती. तिने तिला वाचवलं. त्या वाचवण्याला मी अजून शिव्या देते.

घरी आल्यावर आये शिडासमोर बसली. सगळं होतं तसंच होतं. तिचं गलबत दारात, माझं एका दानावर. तिने मूठ उघडली. कवडी मुठीतच होती. एवढी धावली तरी सुटली नव्हती. तळव्यावर कवडीचे दात उमटले होते.

"आये," मी म्हटलं, "आता म्हण तरी. उचललंस ना?"

"उचललंय," ती म्हणाली. "पण बोललंय नाय."

"मग ठेव तरी परत."

"उचललेली परत कशी ठेवू?" तिने वयनीकडे बघितलं. रागाने नाही, विचारत असल्यासारखं. "आणि आता बोलू कसा? धावताना माका वाटला गो, खराच लागलो. तोंड दिसला माका तेचा. आता सोडला म्हणाक जीभ उचलना नाय."

तिने कवडी पदराच्या गाठीत बांधली.

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी दिगंबर आला. पडवीच्या खाली उभा राहिला, पायांकडे बघत. वयनी बाहेर गेली. मी दाराआड होते, ऐकलं.

"उद्या सकाळची गाडी आसा."

"माहीत आसा."

"येतंस?"

"त्या बायेन सगळ्या गावासमोर माझ्यासाठी खोटा सांगल्यान," वयनी म्हणाली. "आता तिका खंयच्या तोंडान सांगू, झिलाक जाळ म्हणान?"

"मी थांबतंय. वर्सभर थांबतंय."

"थांबा नको. ह्या घरात थांबणारी माणसां पुरे झाली."

तो गेला. कारवारला त्याने नंतर लग्न केलं असं ऐकलं. बरं केलं.

मी लग्न होऊन कुडाळला गेले. कायद्याने माणूस मेला धरतात ती सात वर्षं आली आणि गेली, कोणी कागद केला नाही. आये आणि वयनी दोघीच राहिल्या. मासळी विकली, घर शाकारलं, एकमेकींची दुखणी काढली. संध्याकाळी खेळायच्या. आयेच्या तिसऱ्या घरात ना कवडी होती ना गलबत. दोघींपैकी कोणी त्यात बोट घातलं नाही. मी माहेरी आले की बघायची. बाकी शिडावरचा सगळा रंग गेला, तेवढा चौकोन नव्यासारखा.

गेल्या चैत्रात आये गेली. गावचे जाणते पुन्हा येऊन बसले, तेव्हाच्यांचे मुलगे. म्हणाले, आता जयवंताचंही उरकून घेऊ, दोन कामं एकदम होतील. भटजींनी दर्भाचा पुतळा केला, वीतभर. आयेच्या चितेच्या बाजूला ठेवला आणि पेटवला. आये जळायला दुपार लागली. ते गवत विडीएवढ्या वेळात संपलं. एवढ्यासाठी माझ्या वयनीचं तारुण्य गेलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. वयनीने आयेच्या लुगड्याची गाठ सोडली. कवडी काढली. केस पिकलेत तिचे, दाताने सुपारी फुटत नाही. तिने शीड पसरलं, गलबतं मांडली.

"बस, वैजू. आयेच्या बाजून मी खेळतंय."

खेळलो. मी काही सोडलं नाही, तिनेही नाही. बघता बघता तिची दोन घरं भरली आणि तिसरं गलबत बंदराच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. समोर तो ताज्या रंगाचा चौकोन. अडवायला काही नव्हतं. काळं गलबत तिने मांडलंच नव्हतं.

मी थांबले. तिने गलबत उचललं नाही.

"घाल ना गो आत," मी म्हटलं. "जिंकलंस तू. बंदर मोकळा आसा."

वयनीने गलबतावर बोट ठेवलं, मग काढून घेतलं. बाहेर समुद्र शांत होता. भागीकाकीच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं.

"मोकळा झाला गो," ती म्हणाली. "पण आता लागतलो कोण?"